उष्टी हळद, जुनं टर्बो-डिझेल आणि कार्लेखिंड

पनवेलहून अलिबागला कसं जावं, कुठे थांबावं, काय खावं, हे मी या ब्लॉगवर पूर्वी लिहिलेलं आहे. या वेळचा रस्ता तोच. फरक इतकाच, की या वेळी गाडीत माझ्या भाच्याची उष्टी हळद होती, आणि ती माझ्याच गाडीतून जावी हा हट्ट माझा होता. रस्त्याची, खाण्याची आणि गाडीची माहिती नेहमीप्रमाणे देतो. गाडीचा समोरून काढलेला फोटो मात्र या पोस्टमध्ये सापडणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या आगरी लग्नात आधी नवऱ्याला हळद लागते आणि त्यातली उरलेली हळद वाटीत भरून नवरीच्या घरी जाते. तीच उष्टी हळद. ती पोचेपर्यंत नवरीला हळद लावत नाहीत. तिकडे पाट मांडलेला असतो, मुलगी पिवळी साडी नेसून बसलेली असते, बायका गाणी म्हणत असतात आणि सगळ्या मांडवाचे डोळे वाटेकडे असतात. हळद उशिरा पोचली तर मुलाकडच्यांची अब्रू गेली असं समजतात, आणि ती गेल्याचं पुढची दहा-वीस वर्षं ऐकवतात.

भाचा माझ्या थोरल्या बहिणीचा. ताईचं सासर पनवेलजवळच्याच गावात, नवरीचं गाव अलिबागच्या पुढे चौलच्या वाटेवर. हळद न्यायला भाऊजींची नवी कोरी गाडी दारात उभी होती.

"माजी गारी हाय ना," भाऊजी म्हणाले. "बटन दाबला का थंडगार. तुजा तो खटारा कशाला?"

"खटारा नाही भाऊजी. इंजिन आत्ताच खोलून बांधलंय. बसा तर खरं, मग बोला."

या हट्टामागे एक कारण होतं. भाऊजींचे चार डंपर जासईच्या बाजूला भरावाच्या कामावर चालतात. त्यांची देखभाल जिथे होत होती तिथे भाऊजींचं बिनसलं होतं, आणि ते काम कळंबोलीच्या जनू मिस्त्रीला द्यावं असं मी महिनाभर त्यांच्या डोक्यात घालत होतो. जनू माणदेशातून आलेला, पन्नाशीचा, बोलका, स्वतःच्या कामाची मोठमोठ्याने तारीफ करणारा. "आवो सर, माझ्या हातचं इंजान नातवाला वापरायला द्यायचं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गॅरेजची जागा त्याने नुकतीच वाढवली होती. चार डंपरचं कायमचं काम मिळालं तर त्याचं बस्तान बसणार होतं. माझ्या गाडीचं इंजिन त्यानेच बांधलं होतं. भाऊजी म्हणाले होते, "तुजी गारी वैशाखान वराड घेऊन नीट गेली, तर माजे डंपर त्याच्याकरं." म्हणजे हळदीचा प्रवास हीच जनूची परीक्षा होती. त्यालाही ते माहीत होतं. आदल्या संध्याकाळी त्याने दोनदा फोन करून पाणी आणि ऑईल पाहायला लावलं.

आता गाडीविषयी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सात जणांची, पंधरा वर्षं उलटून गेलेली, पुन्हा नोंदणी करून घेतलेली. इंजिन अडीच लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो आणि त्याची तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर असलेलं. ताकद शंभर अश्वशक्तीच्या अलीकडे, म्हणजे आजच्या छोट्या गाड्याही कागदावर हिला मागे टाकतील. पण मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आत जी ओढ मिळते ती भरल्या गाडीने चढ चढताना कळते. या पिढीच्या इंजिनांची दुखणी साधारण ठरलेली असतात. इंटरकूलरचे रबरी पाइप कडक होऊन चिरतात, मग गाडी काळा धूर सोडते आणि ओढत नाही. टर्बोचं सील गेलं की धूर निळसर होतो आणि ऑईल कमी होत राहतं. डिझेलच्या फिल्टरमध्ये पाणी साचतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तापणं. एकदा पाणी उकळलं आणि तसंच दामटलं, की हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि मग पश्चात्तापाशिवाय हाती काही राहत नाही. जुन्या टर्बो-डिझेलवाल्याने एक डोळा रस्त्यावर आणि एक पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावा, असं मी कित्येकदा लिहिलंय. समोरून येणारी हवा हाच या इंजिनाचा श्वास, हे वाक्यही माझंच.

निघण्याच्या सकाळी भाऊजींनी फ्लेक्स आणला. आमच्याकडे फ्लेक्सशिवाय काही होत नाही. मधोमध नवरा-नवरी, वर 'उष्टी हळद', खाली शुभेच्छुकांची रांग. उजव्या कोपऱ्यात माझा फोटो, इतरांपेक्षा थोडा मोठा, आणि खाली 'ज्येष्ठ लेखक व वाहनतज्ज्ञ बालामामा'. फोटो दहा वर्षांपूर्वीचा होता. वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मागच्या काचेवर लाव," भाऊजी म्हणाले.

"मागून कोण बघणार? गावात शिरताना समोरूनच दिसायला हवा."

मी स्वतः तो पुढच्या जाळीवर बांधला. या हेडलाइटपासून त्या हेडलाइटपर्यंत. वाऱ्याने फडफडू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या घट्ट आवळल्या, खालची बाजू बंपरखाली दुमडून सुतळीने ताणली. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. सुरकुती नव्हती.

गाडीत मी, शेजारी भाऊजी, मधल्या रांगेत ताई आणि पारूआत्या, मागे दोन करवल्या. पारूआत्या म्हणजे गावची धवलारीण. आमच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी करणारी बाई असते आणि तिचा शब्द मांडवात शेवटचा असतो. आत्या सत्तरीच्या, आवाज अजून खणखणीत. हळदीची वाटी त्यांच्या मांडीवर, फडक्यात बांधलेली.

पळस्पे फाट्यापर्यंत नेहमीची गर्दी, तिथून गोव्याच्या रस्त्याला लागलो की गाडी मोकळी होते. तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि कर्नाळ्याची खिंड ऊन चढायच्या आत पार करा, झाडी तेवढीच आहे. आम्हाला हळदीमुळे निघायलाच अकरा वाजून गेले. कर्नाळ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थोडी जड वाटली. सहा माणसं, सामान, एसी. मी मनाशी म्हटलं, नवं बांधलेलं इंजिन आहे, बसायला वेळ लागतो.

"खटारा दमला वाटतं," भाऊजी म्हणाले.

"दमत नाही. अंदाज घेतोय."

पेणमध्ये थांबलो. ताईला विहीणबाईंसाठी पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घ्यायची होती. पेणला गेलात तर बाजारपेठेतल्या जुन्या दुकानातून घ्या, हायवेवर घेऊ नका. चहा झाला. निघताना मागून करवल्या कुरकुरायला लागल्या.

"मामा, एसी चालू हाय का?"

"आहे की."

"मग गरम हवा का येते?"

मी पंखा शेवटपर्यंत फिरवला. आज मला दिसतंय की एसी गार होईना ही पहिली खूण होती. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते, तिला समोरून हवा मिळाली नाही तर आत गारवा येत नाही. पंखा वाढवण्याऐवजी मी खाली उतरून गाडीकडे एकदा समोरून पाहिलं असतं तर ही पोस्ट वेगळी झाली असती. खरं तर उतरलो होतोच. मिरगुंडांची पिशवी मागे ठेवताना समोरून वळसा घालून गेलो. फ्लेक्स पाहिला. सरळ आहे ना, एवढंच पाहिलं.

वडखळला उजवीकडे वळलं की अलिबागचा रस्ता. इथे चौपदरी सुख संपतं. ट्रेलर, पर्यटकांच्या गाड्या, मध्येच खड्डा, मध्येच लग्नाचा टेम्पो. सुट्टीच्या दिवशी इथे अर्धा तास जादा धरूनच निघावं, नाहीतर मांडव्याची बोट किंवा करंज्याहून रेवस बरं. आम्ही मुंगीच्या पावलांनी धरमतरचा पूल ओलांडला. काटा मध्यापासून जरा वर सरकला होता. मागे काळा धूर जातोय असं मागच्या टेम्पोवाल्याने हात करून सांगितलं. इंटरकूलरचा पाइप, मी निदान केलं. जनूने जुनाच लावला असणार.

पोयनाडनंतर ताईला नवरीच्या घरून फोन आला. तिने तो कानाला लावला आणि आवाज हळू केला. "हो, हो, आल्या आमी. खिंडीपाशी. हो, पोरगी बसलेय म्हाइत हाय मना."

कार्लेखिंडीचा चढ काही मोठा नाही. सायकलवाले चढतात. अर्ध्या चढावर गाडीने ओढच सोडली. काटा लालच्या काठावर. मी एसी बंद केला, इंजिनाची उष्णता आत ओढायला हीटर लावला, गाडी डावीकडे एका आंब्याच्या सावलीत घेतली. इथवर मी जे केलं ते बरोबर होतं आणि तुम्हीही तेच करा. टर्बो तापलेला असताना इंजिन एकदम बंद करू नका, पाण्याची टाकी फसफसत नसेल तर मिनिट-दोन मिनिटं चालू राहू द्या. रेडिएटरचं झाकण गार झाल्याशिवाय उघडू नका. हे सगळं मी मोठ्याने सांगत होतो. करवल्या ओढणीने वारा घेत होत्या.

बॉनेट उघडलं. जादा पाण्याच्या बाटलीतून वाफ येत होती. मी वाकून पाइप बघितले, पट्टा बघितला, पंखा बघितला. गुडघे फ्लेक्सला टेकले होते. तो गरम लागत होता हेही मला आठवतं.

"काय झाला रं बाल्या?" ताई खाली उतरली होती.

"जनूने काम बिघडवलं," मी म्हणालो.

आणि मी त्याला फोन लावला. भाऊजींना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"बोला सर! पोचली का हळद?" तो खुशीत होता.

"हळद खिंडीत अडकलीय. तुझं इंजिन उकळतंय. रेडिएटर साफ केला म्हणालास ना?"

"आवो, माझ्या हातानं..."

"तुझ्या हातानं काय झालंय ते दिसतंय समोर. तिकडे पोरगी पाटावर बसून आहे. ताईची अब्रू जायची वेळ आली. लोकांना मी तुझं नाव सांगत फिरतो, जनू. कुठल्या तोंडानं सांगू आता?"

"सर, जरा दम खावा. गाडी गार हू द्या, आन मला एवढं सांगा, की समोरनं..."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

तीस वर्षं गाड्यांवर लिहितोय. दर आठवड्याला मजकूर वेळेत दिला, आवाज कधी चढवला नाही, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. त्या आंब्याखाली माझा आवाज चढला होता, आणि तो चढवताना मला बरं वाटत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि दोष खिंडीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर बसलेल्या माणसाकडे गेला होता.

भाऊजींनी लगेच आपला फोन काढला. डंपरचं काम बघणाऱ्या माणसाला सांगितलं, "सोमवारी गारी कलंबोलीला धारू नको. नाय, जनूकरं नाय. त्याचा नावच नको काढू."

पारूआत्या गाडीतच बसून होत्या. वाटी मांडीवर. "पोरांनो, इंजिनाचा नंतर बघा. हलद पयली."

पोयनाडकडून एक सहा आसनी रिक्षा वर येत होती. भाऊजींनी हात केला. आतले दोन प्रवासी लग्नाचं म्हटल्यावर आनंदाने सरकले, एक तर पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या कुल्ल्यावर बसला. ताई, आत्या, करवल्या, भाऊजी, मिरगुंडांची पिशवी, सगळं त्यात कोंबलं. आत्या मला म्हणाल्या, "तू ये मागशी. तुजा हत्ती घेऊन."

रिक्षा गेली. मी एकटा उरलो. रस्त्याकडेला दोन बायका पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगून बसल्या होत्या. उन्हाळ्यात या भागात येणाऱ्याने ही माळ घ्यावीच, गोडसर असतो, कच्चा खाल्ला तरी तोंड भाजत नाही. त्यांच्यातल्या एकीकडे मी पाणी मागितलं. तिने कळशी दिली आणि गाडीकडे बघत विचारलं, "ह्यो फोटो तुमचाच ना? ह्यो काय असा झाला?"

मी समोर जाऊन पाहिलं.

उष्णतेने फ्लेक्स मऊ झाला होता आणि हवेच्या दाबाने जाळीत रुतला होता. नवरा-नवरी तशी ठीक होती. कोपऱ्यातल्या माझ्या चेहऱ्यावर मात्र जाळीचे उभे वळ उठले होते, कुणी पाची बोटं उमटवावीत तसे. या हेडलाइटपासून त्या हेडलाइटपर्यंत हवा जायला बोटभर जागा नव्हती. रेडिएटर, इंटरकूलर, एसीची जाळी, तिघांचंही तोंड मी स्वतःच्या हाताने बांधलं होतं, आणि गाठी इतक्या पक्क्या की सुरीने कापाव्या लागल्या.

'समोरनं...' एवढंच जनू म्हणाला होता.

फोन माझ्या खिशात होता. खिंडीत रेंज उत्तम होती. मला फक्त तीन जणांना फोन करायचे होते, जनूला, भाऊजींना आणि ताईला. मी फ्लेक्स गुंडाळला आणि मागच्या सीटखाली ढकलला. इंजिन गार झाल्यावर पाणी भरलं. कांद्याची एक माळ घेतली. का घेतली ते सांगता येत नाही, हाताला काहीतरी काम हवं होतं.

खिंडीतून पुढे काटा मध्यावरून हलला नाही. एसी इतका गार झाला की बंद करावा लागला. इंजिनाचा आवाज अगदी एकसारखा. जनूने काम सुरेख केलं होतं. अलिबागच्या बाहेरून चौलची वाट धरली. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारी, अरुंद रस्ता, समोरून बस आली की थांबायचं. एरवी मी इथे चार परिच्छेद लिहिले असते. मला त्यातलं काही दिसलं नाही. मी वाक्यं जुळवत होतो. 'फ्लेक्समुळेही थोडा फरक पडला असेल' हे मला सगळ्यात बरं वाटलेलं वाक्य.

मांडवात पोचलो तेव्हा हळद लागत होती. तासाभराचा उशीर झाला होता, पण मुलगी हसत होती. आणि बायका गात होत्या. उशीर करणाऱ्या मुलाकडच्यांना गाण्यातून टोचायचं ही रीतच आहे, आणि टोचणं परतवायचं काम आपल्या बाजूच्या धवलारणीचं. नवरीकडच्यांनी ताईचं नाव घेतलं होतं म्हणे. पारूआत्यांनी ते शिताफीने ताईवरून उचलून भलतीकडे ठेवलं होतं. आता सगळा मांडव त्यांच्यामागे म्हणत होता,

"हलद निंगाली सकालची, खिंडीन थांबली गारी गो,
जनू मिस्तरी कसला त्यो, त्यानं लाज काढली सारी गो!"

माइक होता. चार खांबांना चार भोंगे होते. भाऊजी व्याह्यांना रंगवून सांगत होते, "कलंबोलीचा हाय. बाल्यानं फोनवर अशी हजामत केली त्याची!" व्याह्यांचाही वाळूचा धंदा, दोन गाड्या. त्यांनी नाव पुन्हा विचारून घेतलं. मला पान वाढलं. मी बसलो. समोर उकड्या भाताची वाफ आणि वाटीत सुकटीचं कालवण. आता सांगतो, हे जेवण होऊ दे, मग सांगतो, असं चाललं होतं.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी मोटरसायकल थांबली. जनू. लग्नासाठी शिवलेला पांढरा शर्ट धुळीने तांबूस झालेला, पाठीला हत्यारांची पिशवी, मागे बांधलेला पाण्याचा कॅन. माझा फोन बंद झाल्याबरोबर तो निघाला होता. खिंडीत गाडी दिसली नाही म्हणून विचारत विचारत इथवर आला होता. हेल्मेट काढलं आणि भोंग्यातून त्याच्या कानावर त्याचंच नाव आलं. एकदा नाही. बायका ते कडवं तिसऱ्यांदा म्हणत होत्या.

तो तिथेच उभा राहिला. भाऊजी त्याला पाहून उठले. "आलास? बघ, तुजा गाना चाललाय!"

जनू हसला नाही. एरवी याच्यावर त्याने दहा वाक्यं टाकली असती. "सर, किल्ली द्या," एवढंच म्हणाला.

मी खरकट्या हाताने उठलो. त्याला किल्ली न देता मी गाडीकडे गेलो, मागची सीट उचलली, फ्लेक्स काढला आणि बॉनेटवर पसरला. वळ तसेच होते. मग तो पुढच्या जाळीवर धरून दाखवला, या हेडलाइटपासून त्या हेडलाइटपर्यंत. भाऊजी चार डंपरचे मालक आहेत, त्यांना ते पाहूनच कळलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं, मी काचेवर लाव म्हनत व्हतो!"

जनूने फ्लेक्सकडे पाहिलं, फोटोखालचं नाव वाचलं. 'वाहनतज्ज्ञ' हा शब्द वाचायला त्याने जरा जास्तच वेळ घेतला असं मला वाटलं.

"हे कवा कळलं सर?"

"खिंडीतच."

"आन मग?"

मी फ्लेक्सची गुंडाळी करायला लागलो.

"फोन सगळ्यांना ऐकवला हुता ना?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मग हे बी सगळ्यांना ऐकवा."

त्याने मांडवातल्या माइककडे बोट केलं.

मी साहित्यमंडळांत, शाळांत, गाड्यांच्या मेळाव्यांत शेकड्यांनी भाषणं दिली असतील. तो मांडव ओलांडायला मला जितका वेळ लागला तितका कधी लागला नव्हता. पारूआत्यांनी गाणं थांबवून माइक दिला. मी म्हणालो, की गाडी जनू मिस्त्रीमुळे तापली नाही. त्याचं काम चोख आहे. हवा अडवून फ्लेक्स मी बांधला, माझा फोटो दिसावा म्हणून बांधला, आणि कारण कळल्यावरही गप्प राहिलो. भोंग्यांतून शिट्टी वाजली. कुणीतरी पोरगी फिसकन हसली, मग बायकांच्या बाजूने हसणं पसरत गेलं. ताई हसत नव्हती. ती माझ्याकडे न बघता नवरीच्या हाताला हळद लावत राहिली.

आत्यांनी माइक परत घेतला. क्षणभर डोळे मिटले आणि कडवं वळवलं,

"हलद निंगाली सकालची, खिंडीन थांबली गारी गो,
बालामामानं म्होरं आपला फोटो लावला भारी गो!"

मांडव खदखदला. नवरीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, मिटलं. माणसाला हसून घेतलं की प्रकरण मिटतं असं मी समजत होतो.

भाऊजींनी जनूचा हात धरला, पानावर बसवला. "गैरसमज झाला. खिंडीन फोन करून तुजा नाव काढला, ते इसर. सोमवारी पयला डंपर पाठवतंय. चारी तुज्याकरंच."

जनू शांतपणे जेवला. भात दोनदा घेतला. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "नको दादा."

"आता काय झाला?"

"काय नाय. तुमचा डंपर हाय, कवातरी तापणारच. डंपर म्हटल्यावर तापतोच. तवा तुमी मला इचारणार न्हाई, एक फोन करून नाव पुसून टाकणार. आज चार मिन्टात टाकलं." मग माझ्याकडे वळून, "सरांची गाडी करीन मी. सरांना आता म्हाईत झालंय."

हे तो टोमणा म्हणून बोलला की दिलासा म्हणून, मला आजवर ठरवता आलेलं नाही. पाण्याचा कॅन त्याने माझ्या गाडीत ठेवला, परतीसाठी, आणि उन्हं उतरायच्या आत मोटरसायकलला किक मारून निघून गेला. दुसऱ्या दिवशी लग्नाला आला नाही.

परतताना फ्लेक्स मागच्या काचेवर होता. काटा मध्यावर, एसी गार. वडखळला वडापाव खाल्ला, चांगला असतो. पेण सोडल्यावर ताई म्हणाली, "बाल्या, लाज माजी जात व्हती म्हणून तू त्याच्यावर घातलीस, असा मी लोकांना सांगनार हाय. पन तसा नाय, ना?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हाइत हाय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

आता पनवेलला घरी बसून हे लिहितोय. ज्यांना जुन्या टर्बो-डिझेलने कोकणात उतरायचं आहे त्यांनी खुशाल उतरावं. इंजिन चांगलं बांधलेलं असेल तर वैशाखही सोसतं. जाळीसमोर काही बांधू नये, तोरण नाही, झेंडा नाही, जादा दिव्यांची पट्टीही नाही. एसी गार होईना, ओढ कमी झाली, धूर काळा झाला, काटा चढला, तर कुणाला फोन करण्याआधी खाली उतरून गाडीच्या तोंडासमोर उभं राहावं.

भाऊजींचे डंपर उरणच्या बाजूला कुठेतरी जातात. ते मला सांगत नाहीत, मीही विचारत नाही. गाणं गावात राहिलंय, परवा एका बारशातही म्हटलं गेलं. ताईने फ्लेक्स टाकला नाही, लेकाचा फोटो आहे. तो तिच्या सरपणावर पसरलेला असतो.

गेल्या आठवड्यात ऑईल बदलायला कळंबोलीला गेलो. जनू पूर्वीसारखाच बोलतो, बढाया मारतो, चहा मागवतो. फक्त एक नवीन झालंय. गाडी आत घेतली की बॉनेटला हात लावायच्या आधी, गॅरेजमध्ये कितीही लोक असोत, तो विचारतो,

"सर, समोर काय बांधलंय का?"

अजिबात न हसता विचारतो. मी म्हणतो, "नाही."

"बरं," तो म्हणतो. आणि तरी पुढे येऊन एकदा बघून घेतो.